गॅरेज उघडण्याची आणि बंद करण्याची रोजची पद्धत: यादी केली, पण ती पाळली जात नाही

प्रश्न: 'दोन लिफ्ट, एक पिट'

नमस्कार. ज्या गॅरेजमध्ये मी अकरा वर्षे मेकॅनिक म्हणून काम केले, तेच गॅरेज गेल्या वर्षी मी चालवायला घेतले. दोन खांबांच्या दोन लिफ्ट, एक पिट (गाडीखाली उभे राहून काम करण्याचा खड्डा), एक कॉम्प्रेसर, चार मेकॅनिक, एक हेल्पर आणि काउंटर सांभाळणाऱ्या एक बाई असा आमचा पसारा आहे. नोकरीत असताना सकाळी शटर कोण उघडतो आणि रात्री मेन स्विच कोण बंद करतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता; ते आपोआप होत असे, निदान होत असावे असे वाटे.

मध्यंतरी एकाच महिन्यात दोन प्रसंग घडले. एका मोटारीचे ऑइल संध्याकाळी काढले होते, पण योग्य फिल्टर न मिळाल्यामुळे काम तसेच राहिले. ड्रेन प्लग लावलेला, बॉनेट बंद, गाडी ढकलून बाजूला लावलेली. पाहणाऱ्याला ती पूर्ण झालेली गाडी वाटावी अशीच तिची अवस्था होती. सकाळी जागा करण्यासाठी हेल्परने ती सुरू केली. ऑइलचा लाल दिवा त्याला दिसला, पण गाडी सुरू करताना तो दिवा पेटतोच, असे समजून त्याने गाडी बाहेर काढली. इंजिन मिनिटभरातच बंद केले गेले, तरीही बेअरिंगची खात्री करण्यासाठी ऑइल पॅन उतरवावे लागले आणि तो खर्च अर्थातच आमच्या माथी आला. दुसऱ्या प्रसंगात रात्री एका होजचे कपलिंग निसटले. कॉम्प्रेसरचा स्विच चालूच राहिला होता, त्यामुळे गेलेला दाब भरून काढण्यासाठी तो रात्रभर धावत राहिला आणि सकाळी शटर वर करताच जळक्या वासाचा भपकारा आला.

त्यानंतर मी ४३ मुद्द्यांची यादी तयार केली आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करायची असा नियम केला. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की सहा दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या आहेत. मला कोणावर राग काढायचा नाही. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित मीही तेच केले असते. म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो: रोज खरोखर तपासावे असे काय आहे, ते कोणी करावे, त्याला किती वेळ द्यावा आणि त्याचा निव्वळ उपचार होऊ नये यासाठी काय करावे?

प्रतिसाद: 'जुना फोरमन'

तुमच्या दोन प्रसंगांतच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. दोन्ही गोष्टी संध्याकाळी बिघडल्या आणि सकाळी उघडकीस आल्या. बहुतेक गॅरेजमध्ये सकाळची यादी लांबलचक आणि संध्याकाळची त्रोटक असते, कारण सकाळी सगळे ताजेतवाने असतात आणि संध्याकाळी प्रत्येकाचे लक्ष घराकडे लागलेले असते. माझ्या मते हे प्रमाण उलटे हवे. संध्याकाळी अर्धा तास द्यावा आणि सकाळी पंधरा मिनिटांत काम सुरू व्हावे.

यादी करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट रात्रीतून बदलू शकते का, किंवा माणूस बदलल्यामुळे तिच्याविषयीची माहिती हरवू शकते का? या दोन्हींपैकी काहीच होत नसेल, तर तो मुद्दा रोजच्या यादीत नको. लिफ्टचे पायातले बोल्ट एका रात्रीत सैल होत नाहीत. ते ठरावीक मुदतीने टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच (टॉर्कने) आवळणाऱ्या पान्याने, तपासायचे काम आहे. भिंतीवरचे फलक, प्रथमोपचार पेटीतील साहित्य, शिडीच्या पायऱ्या या सगळ्या आठवड्याच्या किंवा महिन्याच्या गोष्टी आहेत. तुमच्या ४३ मुद्द्यांतील निदान २५ तरी या चाळणीत गळून पडतील असा माझा अंदाज आहे. जी गोष्ट रोज पाहून रोज ठीकच असते, तिच्याकडे डोळा लवकरच दुर्लक्ष करायला शिकतो आणि त्या सवयीचा फटका महत्त्वाच्या मुद्द्यांनाही बसतो.

आता ज्याची माहिती हरवते त्याविषयी. गॅरेजमध्ये रात्रभर राहणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे अर्धवट काम झालेली आणि पूर्ण दिसणारी गाडी. ऑइल काढलेले आहे, पण भरलेले नाही. चाकाचे नट हाताने बसवले आहेत, पण टॉर्क दिलेला नाही. ब्रेकचे पॅड बदलले आहेत, पण पेडल अजून दाबून घट्ट केलेले नाही, म्हणजे सकाळी गाडी हलवणाऱ्याचा पाय पहिल्याच वेळी थेट तळाला जाणार. ज्या मेकॅनिकने हे काम केले त्याच्या डोक्यात सगळे स्पष्ट असते. पण सकाळी तो उशिरा येतो, आजारी पडतो किंवा दुसऱ्या गाडीला लागतो आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर घरीच राहते.

यावर आमच्याकडे एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. काम अपुरे असलेल्या गाडीची किल्ली बोर्डावर जात नाही. ती लाल पट्टी लावून वेगळ्या कप्प्यात जाते आणि स्टीअरिंगला एक मोठे कार्ड बांधले जाते. त्यावर 'काम चालू' असे मोघम न लिहिता, त्या गाडीत या क्षणी काय नाही किंवा काय सैल आहे तेवढेच लिहायचे: 'इंजिनात ऑइल नाही', 'डाव्या पुढच्या चाकाच्या नटांना टॉर्क नाही', 'ब्रेक ऑइल काढलेले आहे'. ज्याने काम केले त्यानेच कार्ड लिहायचे आणि त्यानेच ते काढायचे. दुसऱ्याला ती गाडी पुढे करायची असेल, तर त्याने आधी पहिल्याशी बोलायचे. तुमच्या हेल्परची यात तशी चूक नव्हती. त्याला सावध करणारी एकही खूण त्या गाडीवर नव्हती.

आणखी एक. खुणा करून घेणे सोडून द्या आणि आकडे लिहून घ्या. 'कॉम्प्रेसर तपासला' यापुढची खूण घरी बसूनही करता येते; 'टाकीतील दाब किती' याचे उत्तर द्यायला काट्यासमोर उभे राहावे लागते. अपुऱ्या गाड्या किती, बोर्डावर किल्ल्या किती, आवारात गाड्या किती, शेवटची ठिणगी किती वाजता पडली, असे चार-पाच आकडे पुरतात. आकडा खोटा लिहिणाऱ्यालाही तो विचार करूनच लिहावा लागतो, आणि सहसा तेवढा विचार करण्यापेक्षा जाऊन पाहणे सोपे असते.

प्रतिसाद: 'बारा नंबरचा पाना'

फोरमन साहेबांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु सकाळची यादी आखूड असावी याचा अर्थ ती घाईची असावी असा होऊ नये. विशेषतः ज्यांच्याकडे पिट आहे त्यांच्यासाठी सकाळची पहिली पाच मिनिटे फार महत्त्वाची आहेत.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि एलपीजीही जड असतो. रात्री एखाद्या गाडीची इंधन नळी थेंब थेंब गळत राहिली, तर ती वाफ जमिनीलगत पसरते आणि गॅरेजमधील सर्वांत खोल जागेत, म्हणजे पिटमध्ये, साचते. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ देऊ शकते, त्यामुळे 'थंडी आहे, काही होणार नाही' या युक्तिवादाला अर्थ नाही. सीएनजीचे वर्तन नेमके उलटे असते. त्यातील मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने तो छताखाली जमतो. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी शटर, मग वास, मग स्विच. शटर पूर्ण वर करायचे, दारात उभे राहून वास घ्यायचा आणि वास आल्यास दिवा, पंखा, मोबाइलची बॅटरी यांपैकी कशालाही हात न लावता मागे फिरून हवा खेळू द्यायची. पिटमध्ये उतरण्याआधी तिथला हवा खेचणारा पंखा काही मिनिटे चालवायचा. मात्र वास येत असताना तोच पंखा सुरू करणे म्हणजे ठिणगी देणे होऊ शकते, हेही सर्वांना सांगून ठेवायचे.

याच विषयातील दुसरी गोष्ट म्हणजे थंडीत अर्धे शटर खाली ठेवून गाड्या सुरू करण्याची सवय. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि त्याची घनता हवेच्या जवळपास सारखीच असल्याने तो वर किंवा खाली न जाता सगळीकडे मिसळतो. सकाळी एकापाठोपाठ एक चार गाड्या बाहेर काढताना शटर पूर्ण वर नसेल, तर डोके जड होण्याचे कारण लोक झोपेत शोधतात.

लिफ्टविषयी: बोल्ट रोज तपासायची गरज नाही हे मान्य, पण रोज सकाळी रिकामी लिफ्ट एकदा पूर्ण वर नेऊन खाली आणावी. त्याला दीड-दोन मिनिटे लागतात आणि कानाने बरेच काही समजते. वर जाताना दोन्ही खांबांतील लॉकचा 'खट्' आवाज बरोबरच आला पाहिजे. एका बाजूचा आवाज सतत आधी येत असेल, तर दोन्ही बाजू समान ठेवणाऱ्या तारदोरांचा ताण बिघडलेला असण्याची शक्यता असते आणि मग त्या दिवशी त्या लिफ्टवर गाडी चढवायची नाही. त्याच वेळी लिफ्टच्या हातांवरचे रबरी पॅड फाटलेले नाहीत ना, त्या हातांचे अडसर दातांत बसतात ना आणि सिलिंडरखाली तेलाचा ओला डाग नाही ना, हेही दिसून जाते.

रात्री गाडी लिफ्टवर लटकती ठेवू नये. गिअरबॉक्स उतरवलेला असल्यामुळे ती ठेवावीच लागली, तर ती तेलाच्या दाबावर न ठेवता खाली सोडून यांत्रिक लॉकवर बसवावी आणि उंच घोडीचा (खालून टेकू देणाऱ्या लोखंडी स्टँडचा) आधार द्यावा. जड भाग काढल्यावर गाडीचा तोल सरकतो, हे संध्याकाळच्या घाईत विसरले जाते. जमिनीवरच्या जॅकचेही तसेच: रात्री एकही गाडी नुसत्या जॅकवर नको, घोडीवर घ्या आणि जॅक खाली सोडा.

कॉम्प्रेसरचे पाणी मात्र रोज काढाच. हवा दाबली की तापते आणि टाकीत थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते तळाशी साचून पोलाद आतून गंजवते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत दिसतो. संध्याकाळी वीज बंद करावी, दाब १ ते २ बारपर्यंत उतरू द्यावा आणि मग तळाचा कॉक हळूच उघडावा. पूर्ण दाबावर कॉक उघडणाऱ्याच्या पायावर आणि डोळ्यांत काय उडते, हे मी एकदा अनुभवले आहे. ते पाणी बहुधा तेलमिश्रित आणि दुधट असते. ते गटारात सोडू नये.

प्रतिसाद: 'जुना फोरमन'

पाण्याविषयी दुमत नाही, पण रोज टाकी जवळजवळ रिकामी करण्याच्या मी विरोधात आहे. संध्याकाळी ८ बार दाब असताना टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून जायचे आणि सकाळी काट्यावर किती राहिले ते पाहायचे, याने टाकीची गळती आपोआप कळते. शिवाय रोज सकाळी कॉम्प्रेसर शून्यापासून चालवणे म्हणजे वीज आणि वेळ दोन्ही वाया घालवणे आहे.

प्रतिसाद: 'बारा नंबरचा पाना'

गळती शोधण्यासाठी रात्रभराची गरज नाही. दुपारच्या सुट्टीत कोणीही हवा वापरत नसताना वीज बंद ठेवावी, व्हॉल्व्ह उघडा ठेवावा आणि अर्ध्या तासात काटा किती उतरला ते लिहावे. यात टाकीबरोबर सगळ्या नळ्या आणि कपलिंगही तपासली जातात. तुमच्या पद्धतीत मुख्य व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे फक्त टाकीची परीक्षा होते आणि प्रत्यक्षात बहुतेक गळती कपलिंगमध्ये असते. अर्थात, मूळ प्रश्नकर्त्यांच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे आहे की रात्री वीज बंद आणि होजमध्ये दाब नाही. टाकी भरलेली ठेवायची की नाही हे त्यांनी कॉम्प्रेसरच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे.

प्रतिसाद: 'काउंटरमागून'

मी मेकॅनिक नाही. एका गॅरेजचे काउंटर मी चौदा वर्षे सांभाळते आहे. वरची चर्चा यंत्रांविषयी आहे, म्हणून दुसरी बाजू थोडक्यात मांडते.

संध्याकाळचे आमचे सर्वांत उपयोगी काम म्हणजे किल्ल्या आणि गाड्या यांची मोजणी जुळवणे. आवारातील गाड्या, बोर्डावरच्या व लाल कप्प्यातील किल्ल्या आणि उघडी असलेली जॉब कार्डे, हे तीन आकडे सारखे आले पाहिजेत. ते जुळले नाहीत तर एखादी किल्ली कोणाच्या तरी खिशातून घरी गेलेली असते, किंवा गाडी दिली गेली असून तिचे बिल झालेले नसते. मोजणीनंतर किल्ल्या कुलपात जातात. बटणाच्या किल्ल्या गाडीपासून दूर ठेवणेही गरजेचे आहे, कारण किल्ली जवळ असली की काही गाड्या रात्रभर जाग्या राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. हे कारण समजेपर्यंत आम्ही दोन ग्राहकांना विनाकारण 'तुमची बॅटरी कमजोर आहे' असे सांगून बसलो होतो, याची मला आजही लाज वाटते.

दुसरे म्हणजे फोन. ज्यांची गाडी आज मिळणार होती आणि मिळणार नाही, त्यांना आपण संध्याकाळीच फोन करावा. तोच निरोप सकाळी त्यांनी विचारल्यावर दिला, तर तो बहाणा वाटतो. आणि उद्याच्या पहिल्या तीन कामांचे सुटे भाग आजच शेल्फवरून काढून, जॉब कार्डासह एका ट्रेमध्ये ठेवावेत. तुमच्या त्या मोटारीचा फिल्टर दुपारी हातात घेऊन पाहिला गेला असता, तर ऑइल काढण्याआधीच तो चुकीचा असल्याचे कळले असते. रोख, कार्ड आणि ऑनलाइन जमा यांचा हिशेब वेगवेगळा जुळवावा. सकाळची सुट्ट्या पैशांची रक्कम ठरावीक असावी आणि ती मोजणाऱ्याची सही असावी. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, ते कोणत्याही दुकानासारखेच आहे.

प्रश्नकर्ता: 'दोन लिफ्ट, एक पिट'

सर्वांचे आभार. लाल कप्पा आणि कार्ड उद्यापासूनच सुरू करतो. एक शंका आहे. आमच्याकडे तेलकट चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात असतो आणि कोणीतरी मला सांगितले की त्या आपोआप पेटतात. अकरा-बारा वर्षे मी तो ढीग पाहतो आहे, तो कधी पेटला नाही. हे खरे आहे की भीती घालण्यासाठी सांगतात? तसेच बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून जाण्याची आमची जुनी पद्धत आहे, ती बंद करावी का?

प्रतिसाद: 'वायरमन'

मी गाड्यांच्या वायरिंगचे आणि बॅटरीचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरत आली की तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की तो पेट घेऊ शकतो आणि ही मर्यादा थेट ७५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे चुकायला जागा फारशी नसते. बंद शटरच्या आत, कोणी नसताना, जुनी बॅटरी साध्या चार्जरवर लावून जाणे हे मी तरी करणार नाही. बॅटरीत एखादा सेल शॉर्ट असेल तर व्होल्टेज ठरलेल्या पातळीला पोहोचतच नाही आणि साधा चार्जर तिला तापवत राहतो. चार्जिंग दिवसा, उघड्या हवेत करावे. संध्याकाळी आधी चार्जरचा स्विच बंद करावा आणि मग चिमटे काढावेत, कारण चालू चार्जरचा चिमटा काढताना उडणारी ठिणगी नेमकी वायू जमलेल्या जागी उडते.

चिंध्यांविषयी तुम्हाला अर्धे खरे सांगितले गेले आहे. आपोआप तापण्याचा गुण प्रामुख्याने सुकणाऱ्या तेलांचा असतो, म्हणजे जवसाचे तेल, काही रंग आणि वॉर्निश. ही तेले हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता देतात आणि चिंधीचा गोळा केलेला असेल तर ती उष्णता आत कोंडते. साध्या इंजिन ऑइलला ही खोड सहसा नसते, म्हणून तुमचा ढीग इतकी वर्षे शांत बसला. पण त्याच ढिगात पेट्रोलने पुसलेली चिंधी असते, थिनरची असते, रंगकाम करणाऱ्याने टाकलेली एखादी असते, आणि कोणती कुठली हे कोणालाच सांगता येत नाही. झाकणाचा लोखंडी डबा ठेवा आणि तो रोज संध्याकाळी बाहेर रिकामा करा. मग चिंधीची जात ओळखत बसावे लागत नाही.

गॅरेजच्या आगीच्या बाबतीत मला चिंध्यांपेक्षा वेल्डिंगची आणि ग्राइंडरची काळजी अधिक वाटते. ठिणगी सीटच्या फोममध्ये किंवा गालिच्याखाली जाऊन तासभर धुमसत राहू शकते. अशा कामानंतर पहारा देण्याचा कालावधी अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ५१बी या मानकाने २०१९ च्या आवृत्तीत अर्ध्या तासावरून एक तास केला. म्हणून 'शेवटची ठिणगी किती वाजता' हा फोरमन साहेबांचा आकडा फार मोलाचा आहे. बंद करण्याच्या वेळेआधी एक तास वेल्डिंग थांबले पाहिजे, मग ग्राहक कितीही घाईत असो. गॅस सिलिंडरचे मुख्य व्हॉल्व्ह बंद करावेत, नळ्यांतील दाब सोडावा, सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले असावेत, आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावू नये.

विजेवर चालणारी अपघातग्रस्त गाडी आली असेल, तर ती रात्री आत ठेवूच नका. मार लागलेली लिथियम-आयन बॅटरी काही तासांनी किंवा काही दिवसांनीही पेट घेऊ शकते, आणि विझलेली पुन्हा पेटू शकते. इमारतीपासून व इतर गाड्यांपासून सुमारे १५ मीटर अंतर ठेवावे अशी सर्वसाधारण शिफारस आहे. तेवढी जागा नसेल तर अशी गाडी मुळात घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद: 'थंड इंजिन'

एक मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. रात्र हे काही फक्त संकट नाही. निदानाच्या कामात ती सर्वांत चांगली मदतनीस आहे आणि सकाळच्या घाईत आपण तिची मेहनत पुसून टाकतो.

'सकाळी गाडी सुरू होताना खडखडते' अशी तक्रार घेऊन ग्राहक आला की आपण गाडी रात्रभर ठेवून घेतो. दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी येणारा हेल्पर ती सुरू करून बाहेर लावतो आणि मेकॅनिक येईपर्यंत इंजिन गरम झालेले असते. झाली ती रात्र वाया; आता ग्राहकाला आणखी एक दिवस थांबायला सांगा. हे मी स्वतः इतक्या वेळा पाहिले आहे की आमच्याकडे लाल कार्डाबरोबर निळे कार्डही आहे: 'मेकॅनिक आल्याशिवाय सुरू करू नये'. अशी गाडी संध्याकाळीच वाटेत येणार नाही अशा ठिकाणी लावायची, नाहीतर कार्ड असूनही कोणीतरी ती हलवतोच.

बॅटरी रात्रीतून उतरण्याच्या तक्रारीतही तेच. गाडीतील सगळे संगणक झोपी जायला काही वेळा अर्धा ते एक तास लागतो आणि त्यानंतरचा विद्युतप्रवाह साधारणपणे ५० मिलिॲम्पिअरच्या आत असावा लागतो. मीटर जोडून गाडी शांत ठेवली असताना कोणी सहज दार उघडून टूलबॉक्स काढला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तेलगळतीसाठी इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा आखून ठेवाव्यात. सकाळी डागाची जागा आणि रंग पाहून ऑइल, कूलंट आणि गिअर ऑइल यांतील फरक बहुतेक वेळा लगेच कळतो. कूलंटची पातळी आणि टायरमधील हवा या गोष्टीही गाडी थंड असतानाच पाहायच्या असतात, म्हणजे त्यांची जागा सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आहे. आणि कूलंटचा विषय निघालाच आहे तर सांगतो: काढलेले कूलंट उघड्या ट्रेमध्ये रात्रभर ठेवू नका. त्यातील इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी असते. मांजर-कुत्रे ते चाटतात. ते वेगळ्या झाकणाच्या डब्यात ओता, जुन्या ऑइलच्या पिंपात नको, कारण ऑइलमध्ये कूलंट किंवा ब्रेक क्लीनर मिसळले की ते पुनर्वापरासाठी घेणारा सगळे पिंपच नाकारू शकतो.

प्रश्नकर्ता: 'दोन लिफ्ट, एक पिट'

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. यादी ४३ वरून १४ मुद्द्यांवर आली: सकाळी पाच, संध्याकाळी नऊ. त्यांतील सहा ठिकाणी खूण नसून आकडा आहे. टॉर्क रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवणे हा मुद्दा मी स्वतः घातला. संध्याकाळी ते ९० वर ताणलेलेच लटकत असे आणि त्याची स्प्रिंग कधी थकली हे आम्हाला कळलेही नसते.

सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच निघाली. संध्याकाळचा अर्धा तास कामाच्या वेळेत धरायचा की नंतर, यावरून कुरबूर झाली आणि ती रास्त होती. आता नवे काम बंद होण्याच्या पाऊण तास आधी थांबते आणि आवराआवर पगाराच्या वेळेतच होते. दिवसाला एखादे छोटे काम कमी होते. जबाबदारी आठवड्याने फिरती ठेवली आहे. फक्त कार्ड ज्याचे त्याने लिहायचे.

तीन वेळा किल्ल्या आणि गाड्या जुळल्या नाहीत. दोनदा किल्ली मेकॅनिकच्या खिशात होती आणि एकदा माझ्याच. लाल कार्डाबाबत एक अडचण उरली आहे: तेलकट हातांनी लिहिलेले कार्ड सकाळी वाचता येत नाही. यावर कोणाकडे काही उपाय आहे का?

प्रतिसाद: 'काउंटरमागून'

प्लास्टिकच्या पाकिटातील छापील कार्डे करून घ्या. 'ऑइल नाही', 'कूलंट नाही', 'ब्रेक नाही', 'चाकाचे नट सैल', 'वायर उघडी' अशी प्रत्येकाची दहा-दहा. जे लागू असेल ते स्टीअरिंगला अडकवायचे, दोन लागू असतील तर दोन. लिहायचे फक्त नाव आणि तारीख, तेही मागच्या कागदावर खडूसारख्या जाड पेन्सिलीने, कारण बॉलपेन तेलावर चालत नाही. आमची कार्डे पुसून पुसून चार वर्षे टिकली आहेत.